वादळाचं बारसं होण्याआधी : हरिकेनच्या दिवसांत ऑरलँडोची सहल आणि विमा

२०२२ च्या सप्टेंबरात आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. परत जाण्याआधी त्यांना आणि मुलांना एकत्र डिस्ने दाखवायचं ठरलं. २९ सप्टेंबरचं विमान, ऑरलँडोशेजारच्या किसिमीमध्ये स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर (बाबांना दोन्ही वेळा भात लागतो) आणि पार्कची तिकिटं, सगळं झालं. २३ तारखेच्या रात्री कॅरिबियन समुद्रातल्या एका वादळाचं 'इयन' असं नामकरण झालं. २५ ला, नेमकी सर्वपित्री अमावस्या, आम्ही घाईघाईने प्रवास विमा काढला. २८ ला इयन फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर धडकलं. २८ आणि २९ ला डिस्नेची सगळी पार्क बंद होती.

विमानाचे पैसे परत आले, कारण उड्डाण कंपनीनेच रद्द केलं होतं. घराचे आले नाहीत. विमा कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं : तुम्ही विमा घेतला तेव्हा हे वादळ आधीच माहीत असलेली घटना होती. मी चार दिवस चिडचिड केली, मग शांतपणे पॉलिसी वाचली. सगळं त्यात लिहिलेलं होतं. पुढे जे सांगतोय ते त्या वाचनातून आणि नंतरच्या दोन सहलींतून आलेलं आहे.

आधी तारखा

अटलांटिकमधला हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. पण सहा महिने सारखेच धोक्याचे नसतात. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ जोराचा, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे अरबी समुद्रातली वादळं बहुधा पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर येतात. तौक्ते मे महिन्यात आलं, निसर्ग ३ जूनला. अटलांटिकचं उलट आहे. उन्हाळाभर पाणी तापत जातं आणि गणपतीच्या दिवसांत वादळांना सगळ्यात जास्त जोर असतो.

मग लोक नेमके तेव्हाच का जातात? कारण अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा ऑगस्टमध्ये उघडतात. लेबर डेची (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टी संपली की रांगा आखूड होतात आणि खोल्या स्वस्त. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत किंवा ज्यांच्याकडे आजी-आजोबा आलेत त्यांना हा काळ खुणावतो. दिवाळीच्या सुट्टीत भारतातून येणारी कुटुंबं तर हंगामाच्या शेपटीत सापडतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे हंगाम संपला असं समजून चालतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'निकोल' १० तारखेला फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर आलं होतं.

आता धोका नेमका किती ते बघू, म्हणजे उगाच घाबरायला नको. डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. वादळासाठी पार्क बंद ठेवायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली ती १९९९ मध्ये, फ्लॉइडच्या वेळी. त्यानंतर २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सिस आणि जीन एकाच मोसमात आली. २०१६ ला मॅथ्यू, २०१७ ला इर्मा, २०२२ ला इयन, २०२४ ला मिल्टन. एवढ्या वर्षांत वादळामुळे पूर्ण बंद राहिलेले दिवस फार नाहीत. ऑरलँडो समुद्रकाठी नाही, अटलांटिकच्या किनाऱ्यापासून साधारण ऐंशी किलोमीटर आत आहे. समुद्राची लाट तिथे पोचत नाही, वाराही जमिनीवरून येताना ढिला पडतो. उरतो पाऊस, पडलेली झाडं, गेलेली वीज, क्वचित टोर्नेडो.

म्हणजे प्रश्न जिवापेक्षा पैशांचा आणि सुट्टीचा आहे, आणि तो बहुधा पार्कमध्ये नव्हे, विमानतळावर अडतो. इयनच्या वेळी ऑरलँडोचा विमानतळ २८ ला सकाळी बंद झाला तो ३० ला उघडला. वादळ एका रात्रीत गेलं तरी अडकलेल्या प्रवाशांची गर्दी ओसरायला पुढचे काही दिवस लागतात. म्हणून माझा पहिला नियम : ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर रजेला पुढे दोन दिवसांचं शेपूट जोडून ठेवायचं. आणि आई-बाबांचं भारतात परतायचं विमान ऑरलँडोहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवायचं नाही. ही चूक मी तीन कुटुंबांना करताना पाहिली आहे.

केनेडी स्पेस सेंटर, कोको बीच किंवा पोर्ट कॅनव्हरलची क्रूझ जोडणार असाल तर ती मात्र थेट किनाऱ्यावरची गोष्ट. ते दिवस सहलीत सरकवता येतील असे ठेवा. क्रूझ सहसा रद्द होत नाही, वाट बदलते. बहामाला निघालात आणि मेक्सिकोत उतरलात तर त्याचे पैसे सहसा कुणी परत देत नाही.

बुकिंग करताना कागदावर दोन रकाने

एक साधा कागद घ्या. डावीकडे 'परत मिळणारे' पैसे, उजवीकडे 'बुडणारे'. प्रत्येक बुकिंग करताना रक्कम योग्य रकान्यात लिहा. विमा उजव्या रकान्याचा काढायचा असतो, सगळ्या सहलीचा नव्हे. हे न कळल्यामुळे लोक एक तर दुप्पट हप्ता भरतात किंवा विमाच टाळतात.

विमानाचं तिकीट : अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या साध्या तिकिटांवर तुम्ही स्वतः रद्द केलंत तर सहसा पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट मिळतं, सगळ्यात स्वस्त 'बेसिक' तिकिटावर तेही बहुधा नाही. पण उड्डाण कंपनीने रद्द केलं आणि तुम्ही पर्यायी विमान घेतलं नाही, तर पूर्ण पैसे रोख परत मिळण्याचा तुमचा हक्क आहे, 'बेसिक' असलं तरी. देशांतर्गत विमान तीन तासांहून जास्त पुढे-मागे झालं तरी हाच नियम. म्हणून वादळ दिसू लागलं की घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. आपण आधी हात वर केले की रोख पैशांचा हक्क जातो. कंपन्या वादळाच्या दोन-तीन दिवस आधी मोफत तारीख बदलायची मुभा जाहीर करतात, तिची वाट बघा. एक लक्षात असू द्या, हवामानामुळे अडकलात तर हॉटेल आणि जेवणाचा खर्च विमान कंपनी सहसा देत नाही.

राहण्याची जागा : इथेच खरी गोम आहे. डिस्नेच्या हॉटेलात 'फक्त खोली' घेतली तर सुरुवातीला एका रात्रीचे पैसे भरावे लागतात. तिकिटांसकट पॅकेज घेतलं तर जाण्याच्या ३० दिवस आधी सगळी रक्कम भरावी लागते, म्हणजे ऐन हंगामात तुमचे सगळे पैसे त्यांच्याकडे अडकलेले. मी सप्टेंबरात नेहमी खोली वेगळी, तिकिटं वेगळी घेतो. किसिमी आणि डेव्हनपोर्टच्या बाजूची भाड्याची घरं आपल्या कुटुंबांना फार सोयीची. दोन कुटुंबं राहतात, सकाळी पोहे, रात्री खिचडी. पण त्यांच्या अटी घरमालकागणिक वेगळ्या. वादळासाठी पैसे परत देऊ असं लिहून दिलेलं नसेल तर ती रक्कम सरळ उजव्या रकान्यात लिहा. आमची तिथेच गेली.

पार्कची तिकिटं : डिस्नेची तारखेची तिकिटं परत घेत नाहीत, पण न वापरलेल्या तिकिटाची किंमत नव्या तारखेच्या तिकिटात वळवता येते, फरक भरून. तुम्ही पुन्हा जाणार असाल तर हे पैसे बुडालेले धरू नका. भारतातून आयुष्यात एकदाच येणाऱ्या मावशीसाठी मात्र ते बुडालेच.

पार्कची सवलत आणि मधले तीन दिवस

डिस्नेचं हरिकेन धोरण उदार आहे, पण ते नीट वाचावं लागतं. तुम्ही पोचण्याच्या तारखेच्या सात दिवसांच्या आत ऑरलँडो परिसरासाठी, किंवा तुम्ही राहता त्या गावासाठी, हरिकेनचं 'वॉर्निंग' जारी झालं तर पॅकेज आणि बहुतेक खोल्यांची बुकिंग दंडाशिवाय रद्द करता किंवा पुढे ढकलता येतात. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल पार्कचीही स्वतःकडे थेट केलेल्या बुकिंगसाठी अशीच सवलत आहे. दोन्हीकडे दुसऱ्या संकेतस्थळावरून घेतलेलं बुकिंग या सवलतीत येईल असं गृहीत धरू नका. ते ज्याच्याकडून घेतलं त्याच्याशी बोलावं लागतं. स्वस्त पडतं म्हणून तिसऱ्याच ठिकाणी बुकिंग करण्याआधी हा विचार करा.

आता त्यातला शब्द पाहा : वॉर्निंग. अमेरिकेत 'वॉच' (वादळाची शक्यता) वादळी वारे पोचण्याच्या साधारण ४८ तास आधी देतात आणि 'वॉर्निंग' (वादळ येणार असा इशारा) ३६ तास आधी. वादळाला नाव मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळतं, वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरवर गेला की. मिल्टनचं बारसं ५ ऑक्टोबर २०२४ ला झालं, ९ च्या रात्री ते फ्लोरिडातल्या 'सिएस्टा की' या बेटाजवळ किनाऱ्यावर आलं. इयनला पाच दिवस लागले, मिल्टनला चार, निकोलला तीन.

नाव पडलं की नवा विमा त्या वादळासाठी चालत नाही. वॉर्निंग आलं नाही तोवर पार्कची सवलत लागू होत नाही. मधल्या दोन-तीन दिवसांत तुम्ही टीव्हीसमोर बसून असता, हातात काहीच नसतं. विमा खरा घ्यायचा तो या दिवसांसाठी, आणि म्हणूनच तो बारशाच्या आधी घ्यायचा.

कुठला विमा, कुठला नाही

आपल्या घरांत सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. आई-बाबांसाठी अमेरिकेत येताना जो 'व्हिजिटर इन्शुरन्स' काढतो तो आजारपणाचा असतो. दवाखाना, औषधं, अपघात. त्यात सहल रद्द झाल्याचे पैसे सहसा नसतात. "त्यांचा विमा आहे की!" असं म्हणून आपण निवांत असतो, आणि तो या कामाचा नसतो. सहलीचा विमा वेगळा. भारतातून काढलेल्या परदेश प्रवासाच्या पॉलिसीत सहल रद्द होणं किंवा अर्धवट सुटणं हे कलम असू शकतं, पण रक्कम बघा आणि ते कलम भारतातून निघण्याच्या प्रवासाला लागू आहे की अमेरिकेतल्या अंतर्गत सहलीलाही, हे लेखी विचारा.

सहलीचा साधा विमा साधारणपणे सहलीच्या खर्चाच्या चार ते दहा टक्क्यांत बसतो. वय वाढेल तसा हप्ता वाढतो. आजोबांचा हप्ता नातवाच्या कितीतरी पट असू शकतो. तो काय देतो?

निघण्याआधी सहल रद्द करावी लागली तर बुडालेले पैसे देतो, पण यादीतल्या कारणांसाठीच. हवामानामुळे विमानसेवा ठप्प झाली, तुमचं हॉटेल राहण्याजोगं उरलं नाही, तिथे सक्तीचं स्थलांतर जाहीर झालं, तुमचं स्वतःचं घर वादळात सापडलं, ही नेहमीची कारणं. काही पॉलिसी निघण्याच्या २४ तास आधी हरिकेन वॉर्निंग असणं हेही कारण धरतात, काही नाही. सहल अर्धवट सुटली तर उरलेल्या दिवसांचे पैसे आणि परतीचा जादा खर्च. विमान लांबलं तर ठरावीक तासांनंतर, कुठे सहा, कुठे बारा, हॉटेल-जेवणाचा रोजचा ठरलेला खर्च.

काय देत नाही, हे जास्त महत्त्वाचं. "वादळ येतंय म्हणून आम्ही गेलो नाही" हे कारण चालत नाही. भीती, अंदाज, सासूबाईंचा फोन, काहीच चालत नाही. आणि पार्क बंद होतं पण विमान चालू होतं, हॉटेल उघडं होतं, तर बहुतेक साध्या पॉलिसी एक पैसा देत नाहीत. मुलांसाठी सहल बुडाली, विमा कंपनीसाठी नाही.

ज्यांना मनाप्रमाणे मागे फिरायची मोकळीक हवी त्यांच्यासाठी 'कोणत्याही कारणासाठी रद्द' अशी जोड मिळते. ती महाग पडते. मूळ हप्त्याच्या साधारण ४० ते ५० टक्के जास्त. परतही पूर्ण मिळत नाही, ५० ते ७५ टक्के. तीन अटी नीट पाळाव्या लागतात. पहिलं पैसे भरल्यापासून सहसा १४ ते २१ दिवसांच्या आत ती घ्यायची. परत न मिळणारी सगळी रक्कम विम्यात धरायची, अर्धी नव्हे. आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करायचं. ही तिसरी अट बघितलीत? मधल्या दिवसांत, वॉर्निंग यायच्या आधी, उपयोगी पडणारं हे एकच हत्यार आहे. सप्टेंबरात, वयस्कर माणसांसोबत आणि मोठी रक्कम अडकलेली असेल तर मी ती घेतो. जूनमध्ये घेत नाही. उजव्या रकान्यात चारशे-पाचशे डॉलर असतील तर साधाही विमा घेत नाही, ते नुकसान मी सोसू शकतो.

घेण्याआधी क्रेडिट कार्डाची कलमं वाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच कार्डांवर खराब हवामानामुळे सहल रद्द झाल्यास संरक्षण असतं, पण प्रवासाचे पैसे त्याच कार्डाने भरलेले हवेत. सोबत आलेले आई-वडील 'कुटुंब' या व्याख्येत बसतात का, तेही तिथेच कळेल. पॉलिसी घेतल्यावर सहसा दहा-पंधरा दिवस ती परत करता येते, त्या दिवसांत पूर्ण वाचून काढा. मी चहाचे दोन कप आणि एक पिवळा मार्कर घेऊन बसतो.

नकाशा वाचताना

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी माहिती देतं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. या चार वेळा सोडून बातम्या बघू नका, व्हॉट्सॲपवरचे नकाशे तर अजिबात नकोत. नकाशावरचा तो पांढरा सुळका म्हणजे वादळाचा आकार नाही. वादळाचा मध्यबिंदू कुठून जाऊ शकतो, एवढंच तो सांगतो, आणि तीनातल्या दोन वेळाच तो त्या सुळक्यात राहतो. सुळक्याबाहेर आहात म्हणजे सुटलात असं नाही, मधोमध आहात म्हणजे संपलात असंही नाही. २०१९ ला डोरियन फ्लोरिडाच्या रोखाने येता येता बहामावरच थबकलं आणि वळलं.

निघायला तीन दिवस उरले असताना सुळका ऑरलँडोवर असेल तर घरी बसून हे ठरवा : लहान बाळ, ऑक्सिजन किंवा इन्सुलिन लागणारं माणूस सोबत आहे का? असेल तर पुढे ढकला, पैशांचा विचार नंतर.

तिथेच अडकलात तर

डिस्ने आणि युनिव्हर्सलची हॉटेलं वादळात राहायला चांगली. मजबूत इमारती, कर्मचारी मुक्कामाला थांबलेले, लहान मुलांसाठी लॉबीत काहीतरी चाललेलं. मिल्टनच्या वेळी डिस्नेने फोर्ट वाइल्डरनेसची कॅम्पसाइट आणि सॅराटोगा स्प्रिंग्जची झाडांमधली घरं रिकामी करून घेतली होती, तेव्हा हंगामात तिथलं बुकिंग टाळा. भाड्याच्या घरात असाल तर वादळाच्या आदल्या दिवशी हॉटेलात खोली मिळेल ही आशा ठेवू नका; किनाऱ्यावरून निघालेली माणसं तोवर ऑरलँडो भरून टाकतात.

दोन दिवस आधी : गाडीत पेट्रोल पूर्ण, औषधं आठ-दहा दिवसांची, थोडी रोकड, फोनच्या बॅटऱ्या भरलेल्या, पाण्याच्या बाटल्या. खायला तिखटमिठाचे पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, ब्रेड. चूल न पेटवता जेवता येईल असं. हॉटेलात वादळाच्या दिवशी डब्यातलं थंड खाणं मिळतं आणि शाकाहारी पर्याय पटकन संपतो. आईने सोबत आणलेल्या दशम्यांची किंमत तेव्हा कळते.

खरं तर तुमचा दिवस हरिकेनपेक्षा रोजची विजांची सर जास्त वेळा बुडवेल. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी दोननंतर आभाळ भरतं, वीज दिसली की उघड्यावरच्या राइड आणि पाण्याची पार्क थांबतात, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. तासा-दोन तासांत ऊन पडतं. सकाळी पार्क उघडताना पोचा, बाहेरच्या राइड आधी उरका, दुपार आतल्या खेळांना द्या. प्लॅस्टिकचे रेनकोट घरून न्या. डिस्नेच्या एका पाण्याच्या पार्कचं नावच टायफून लगून आहे, आणि ते उघडलं १ जून १९८९ ला, म्हणजे हंगामाच्या पहिल्याच दिवशी. अशी थट्टा त्यांनाच परवडते.

दावा करताना

सगळ्यात आधी ज्याच्याकडून पैसे परत मिळू शकतात त्याच्याकडे मागा : विमान कंपनी, हॉटेल, घरमालक, पार्क. त्यांचा नकार लेखी घ्या, ईमेल चालतो. विमा कंपनी तो पहिल्यांदा मागते. उड्डाण रद्द झाल्याचा आणि त्याचं कारण हवामान असल्याचा कंपनीचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्या, तीन महिन्यांनी तो मिळवणं डोकेदुखी असते. अडकलेल्या दिवसांतल्या प्रत्येक जेवणाची, टॅक्सीची पावती ठेवा. थर्मल कागद पुसट होतो म्हणून लगेच फोटो काढा. पॉलिसी घेतल्याची तारीख दाखवणारा ईमेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आमचा दावा त्या एका तारखेवर अडला होता. गेल्या सहलीत दावा करायची वेळच आली नाही, पण तो ईमेल मात्र वादळाला नाव पडण्याच्या पाच आठवडे आधीचा होता.